उत्तरावरून काढलेला ग्राफ

खरं सांगा, ग्राफवरून उत्तर काढण्याऐवजी उत्तरावरून ग्राफ काढणं हे आपल्यापैकी किती जणांनी केलंय? हात वर करू नका, आपलं मॅगझिन एचओडीसुद्धा वाचतात! मी मात्र कबूल करून टाकते. मी केलंय. एकदा नाही, बरेचदा. आणि या वर्षीच्या सेमिनारला एक जुना प्रयोग वाचेपर्यंत मला त्यात काही विशेष चुकलंय असं वाटलंही नव्हतं.

सुरुवात पहिल्या वर्षापासून करते. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला सेमिकंडक्टरचा एनर्जी गॅप काढायचा प्रयोग असतो, आठवतोय ना? जर्मेनियमचा डायोड छोट्या ओव्हनमध्ये ठेवायचा, ऐंशी-पंच्याऐंशी डिग्रीपर्यंत तापवायचा, हीटर बंद करायचा आणि तो थंड होत असताना दर पाच डिग्रीला रिव्हर्स करंट वाचायचा. मग ग्राफ काढला की सरळ रेष येते आणि तिच्या उतारावरून गॅप मिळतो. जर्मेनियमसाठी साधारण ०.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट. हा आकडा प्रयोगाच्या आधीच सगळ्यांना पाठ असतो, कारण तो सीनियर्सच्या जर्नलमध्ये असतो, आणि सीनियर्सना तो त्यांच्या सीनियर्सकडून आलेला असतो.

माझे वरचे तीन बिंदू रेषेवर बसेनात. म्हणजे थोडेफार इकडेतिकडे नाही, चांगली रेष वाकल्यासारखी दिसत होती. बाहेर पाऊस, घड्याळात साडेचार, पार्टनर बॅग भरून तयार. मी खोडरबर घेतलं. तीन बिंदू पुसले, ०.७ वरून उलटा हिशोब केला, तीन नवे करंट लिहिले आणि रेष अशी सरळ आली की पट्टीलाही लाज वाटावी. सही मिळाली. व्हायवाला फर्मी लेव्हल विचारली. ग्राफबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही. दहापैकी नऊ.

ही सवय काही कॉलेजात लागलेली नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे सायन्सच्या तासाला एम, अपरेटस, प्रोसिजर, ऑब्झर्वेशन, इन्फरन्स हे सगळं फळ्यावरून उतरवून झालं की मग प्रयोग. म्हणजे काय दिसणार ते आधी सुंदर अक्षरात लिहायचं आणि मग टेस्ट ट्यूबमध्ये ते दिसतंय असं मानायचं. नाही दिसलं तर टेस्ट ट्यूब चुकली. मराठी शाळेतल्या मैत्रिणींना विचारलं, तर त्यांच्याकडेही तेच. फक्त 'निरीक्षण' आणि 'अनुमान' हे शब्द वेगळे.

आता त्या सेमिनारबद्दल. विषय मी निवडला तो भारी वाटला म्हणून : पातळ धातूच्या पट्ट्यांमधली सुपरकंडक्टिव्हिटी आणि तिच्यावर मायक्रोवेव्हचा परिणाम. मायक्रोवेव्ह आम्हा टेलिकॉमवाल्यांचा घरचा विषय. सुपरकंडक्टिव्हिटी, मराठीत अतिसंवाहकता, पहिल्या वर्षी झालेली. दोन्ही मिळून पंधरा स्लाइड सहज होतील असा हिशोब होता.

थोडी उजळणी करू. १९११ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा द्रवरूप हेलियममध्ये थंड केला गेला आणि साधारण ४.२ केल्व्हिनला, म्हणजे उणे २६९ डिग्रीला, त्याचा रेझिस्टन्स एकदम नाहीसा झाला. नंतर शिसं, कथील, अॅल्युमिनियम, नायोबियम अशा कितीतरी धातूंमध्ये हेच दिसलं. प्रत्येकाचं तापमान वेगळं. कथिलाचं ३.७ केल्व्हिन, अॅल्युमिनियमचं साधारण १.२. याला क्रांतिक तापमान म्हणतात. असं का होतं ते १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रिफर यांनी सांगितलं. थंडीत इलेक्ट्रॉन जोड्या बांधतात, आणि जोडी तोडायला काही किमान ऊर्जा लागते. ही किमान ऊर्जा म्हणजेच इथला गॅप. शब्द तोच, आमच्या जर्मेनियमवाला, पण अॅल्युमिनियममधला हा गॅप जर्मेनियमच्या जवळजवळ दोन हजार पट लहान आहे. म्हणूनच इतकी थंडी लागते. जरा ऊब मिळाली की जोड्या तुटल्या.

अशी पट्टी कितीही करंट नेऊ शकते असंही नाही. हळूहळू करंट वाढवत नेला की एका क्षणी पट्टीच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज दिसायला लागतं. खेळ संपला. तो करंट म्हणजे क्रांतिक करंट. जितकी अतिसंवाहकता पक्की तितका हा करंट जास्त.

आता सांगा, अशा पट्टीवर मायक्रोवेव्ह सोडले तर काय होईल? मी हा प्रश्न वर्गात विचारला. आईला विचारला. आईने क्षणात सांगितलं, "गरम होईल, दुसरं काय?" वर्गाचं उत्तरही तेच, फक्त इंग्रजीत. मायक्रोवेव्हचं कामच मुळी तापवणं. पट्टी तापणार, जोड्या तुटणार, क्रांतिक करंट कमी होणार. मी पेपर उघडायच्या आधी माझ्या स्लाइडवर हेच लिहिलं होतं. एम, अपरेटस, प्रोसिजर, ऑब्झर्वेशन!

आणि पेपरचं नावच याच्या उलट होतं. १९६६ मध्ये वायट, दिमित्रिएव्ह, मूर आणि शीअर्ड या चौघांनी तो 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' मध्ये छापला. कथिलाची पातळ फिल्म, मध्ये मुद्दाम अरुंद केलेली. तिच्यावर मायक्रोवेव्ह सोडल्यावर क्रांतिक करंट कमी होण्याऐवजी वाढला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बेल लॅबच्या डेएम आणि वीगंड यांनीही अशाच अरुंद 'पुलां'वरची मोजमापं प्रसिद्ध केली. तिथेही तेच. क्रांतिक तापमानाच्या जवळ असताना थोड्या पॉवरला करंट आधी चढतो, पॉवर खूप वाढवली की मग उतरतो आणि शेवटी अतिसंवाहकता मरते.

मित्रमैत्रिणींनो, इथे जरा थांबा आणि हे रीडिंग आपल्या लॅबमध्ये आलं असतं तर काय झालं असतं ते डोळ्यांसमोर आणा. आपण आधी पार्टनरकडे बघितलं असतं. मग शेजारच्या टेबलाचं जर्नल मागितलं असतं. मग लॅबवाल्या काकांनी वायर हलवली असती. आणि तरीही करंट चढाच आला असता तर? खोडरबर आहेच. वाढलेला करंट पुसून कमी झालेला लिहायला दहा सेकंद लागतात. व्हायवाला 'मायक्रोवेव्हमुळे पट्टी तापते' हे उत्तर बरोबरच धरलं गेलं असतं.

त्या लोकांनी पुसलं नाही. जे आलं ते छापलं. आणि लक्षात घ्या, असं का होतं याचं पटण्यासारखं उत्तर तेव्हा त्यांच्या हातात नव्हतं. ते आलं १९७० मध्ये, रशियातल्या एलियाशबर्ग यांच्याकडून. चार वर्षं ते रीडिंग जुळत नसलेलं, पण जिवंत राहिलं. पुसलं असतं तर एलियाशबर्गना उत्तर द्यायला प्रश्नच उरला नसता.

एलियाशबर्गचं उत्तर मला वाचून अजिबात कळलं नाही. ते कळलं डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर, सकाळच्या फास्टला. आपल्यापैकी कल्याण-डोंबिवलीवरून येणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. गाडी येते, लेडीज डब्याचं दार गच्च. आत सीटांच्या मधल्या जागेत चार जणी आरामात उभ्या राहतील एवढी मोकळीक असते, पण ठाण्याला उतरणाऱ्या सगळ्या दारातच. त्यामुळे चढणाऱ्यांना वाट नाही. मग कोणीतरी एक खमकी मावशी मागून आवाज देते, "अगं आत सरका ना, आत रिकामं आहे!" आणि नुसता आवाज नाही, खांदाही लावते. दारातल्या दोन-चार जणी आत ढकलल्या जातात, दार मोकळं होतं, आणि आपण चढतो. डब्यातल्या बायका तेवढ्याच आहेत. कोण कुठे उभी आहे एवढंच बदललं.

पट्टीत हेच होतं. क्रांतिक तापमानाच्या जवळ जोडीतून सुटलेले बरेच इलेक्ट्रॉन असतात. ते गॅपच्या अगदी काठावर, म्हणजे दारात, गर्दी करतात. आणि नेमक्या तिथल्याच जागा जोड्यांना मोकळ्या लागतात. मायक्रोवेव्ह म्हणजे ती मावशी. ती सुट्या इलेक्ट्रॉनना थोडी ऊर्जा देऊन काठावरून वर ढकलते. काठावरच्या जागा रिकाम्या झाल्या की जोड्या जास्त घट्ट होतात, गॅप वाढतो, क्रांतिक करंट वाढतो. ऊर्जा आत गेली, तरी अतिसंवाहकता वाढली, कारण प्रश्न फक्त ऊर्जा किती याचा नव्हता. ती कोणाला मिळाली आणि तो कुठे गेला याचा होता.

मावशीला दोन पथ्यं पाळावी लागतात. एक, धक्का फार मोठा नको. हात धरून उभ्या असलेल्या दोन मैत्रिणींचाही हात सुटला तर काय उपयोग? म्हणजे मायक्रोवेव्हच्या एका फोटॉनची ऊर्जा गॅपपेक्षा कमी हवी. १० गिगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा साधारण ०.०४ मिलीइलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि अगदी थंड अॅल्युमिनियमचा गॅप साधारण ०.३५. क्रांतिक तापमानाकडे जाताना गॅप लहान होत जातो, म्हणून तिथे हे जपावं लागतं. दोन, धक्के पुरेसे पटापट हवेत. आत ढकललेल्या बायका दोन मिनिटांत पुन्हा दाराशी येतात, तसे हे इलेक्ट्रॉनही ऊर्जा टाकून काठावर परततात. त्यांच्या परतण्याच्या वेगापेक्षा मायक्रोवेव्हची फ्रिक्वेन्सी जास्त हवी. अॅल्युमिनियममध्ये हे परतणं बरंच सावकाश होतं, म्हणून नंतरचे बरेच प्रयोग अॅल्युमिनियमवर झाले.

नंतरचे म्हणजे कोणते? एक शंका तेव्हा रास्त होती. अरुंद पुलात इतरही भानगडी असतात, मग वाढलेला करंट त्यांच्यामुळे नसेल कशावरून? १९७६-७७ च्या सुमारास नेदरलँड्सच्या क्लापवाइक, मोय आणि सहकाऱ्यांनी अरुंद मान नसलेल्या, सगळीकडे सारख्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या घेतल्या. तिथेही वाढ दिसली. आणि १९७७ मध्ये अमेरिकेत कॉमर्स आणि जॉन क्लार्क यांनी मायक्रोवेव्हखाली अॅल्युमिनियमचा गॅपच थेट मोजला. तो खरंच वाढला होता. हे जॉन क्लार्क म्हणजे तेच, ज्यांना डेव्होरे आणि मार्टिनिस यांच्याबरोबर २०२५ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. नोबेल या कामासाठी नाही, ते १९८४-८५ मधल्या दुसऱ्या प्रयोगांसाठी. पण त्यातही अतिसंवाहक सर्किट होतं आणि त्याला चाचपडायला मायक्रोवेव्हच होते.

आज ज्या टेलिस्कोपमध्ये अॅल्युमिनियमच्या अतिसंवाहक पट्ट्यांचे डिटेक्टर वापरतात, तिथे पट्टीची अवस्था वाचायलाच मायक्रोवेव्ह पाठवावे लागतात. म्हणजे वाचणारा सिग्नलच पट्टीतले इलेक्ट्रॉन हलवून ठेवणार. एका काळी कुतूहल असलेलं रीडिंग आता डिझाइनच्या हिशोबात धरावं लागतं.

हे सगळं परदेशातलं झालं. आता आपल्याकडचं सांगते, आणि आपल्याकडचं म्हणजे कल्याणहून फास्ट लोकलने सीएसएमटी आणि तिथून बसने कुलाब्याचं टोक, एवढंच लांब. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, टीआयएफआर.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे नागराजन, गुप्ता, मझुमदार आणि सहकारी यिट्रियम, निकेल आणि बोरॉन यांच्या संयुगांवर काम करत होते. त्यात निकेल. निकेल म्हणजे चुंबकीय धातू, आणि चुंबकत्व हे अतिसंवाहकतेचं जुनं वैर. अशा नमुन्यात अतिसंवाहकता शोधायला कोण जाईल? पण १२ केल्व्हिनच्या आसपास रीडिंगमध्ये एक लहानशी खूण दिसली. नमुन्याचा फार थोडा भाग अतिसंवाहक होत होता. 'कचरा असेल' असं म्हणून सोडून द्यायला याहून सोपं काय? त्यांनी सोडलं नाही. १९९३ मध्ये ते छापलं, मागोवा घेतला, आणि त्यात कार्बनचा हात आहे हे लक्षात आलं. मुद्दाम कार्बन घातल्यावर ती लहानशी खूण सगळ्या नमुन्याचा गुणधर्म झाली. १९९४ मध्ये ते 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' मध्ये आलं. लगेच परदेशातल्या गटांनी तो धागा उचलला आणि याच कुटुंबातली २३ केल्व्हिनपर्यंत जाणारी संयुगं सापडली. अतिसंवाहकांचं एक अख्खं घराणं, आणि त्याची सुरुवात कुलाब्यातल्या एका न पुसलेल्या रीडिंगने.

आजही तिथे पातळ फिल्म आणि मायक्रोवेव्ह यांचं काम चालू आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरडीओची पुण्यातली क्वांटम तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा आणि टीआयएफआर यांनी ६ क्युबिटच्या अतिसंवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण केल्याचं जाहीर झालं. क्युबिटचं डिझाइन आणि बनावट टीआयएफआरची, नियंत्रण आणि मोजमापाची यंत्रणा पुण्याच्या प्रयोगशाळेची, क्लाउडवरून वापरायची सोय टीसीएसची. अशा क्युबिटला जो हुकूम द्यायचा तो मायक्रोवेव्हच्या पल्समधून, आणि उत्तरही मायक्रोवेव्हमधूनच वाचायचं. म्हणजे आपल्या बेंचवर जे अटेन्युएटर आणि वेव्हगाइड धूळ खात पडलेत त्यांचे नातेवाईक तिथे कामाला आहेत! केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये नॅशनल क्वांटम मिशनला मंजुरी दिली, २०३०-३१ पर्यंत सहा हजार कोटींहून थोडे जास्त. पैसे येतील, यंत्रं येतील. पण यंत्रासमोर बसणारी मुलं आपल्यासारख्याच कॉलेजांतून जाणार ना? जुळवून लिहायची चार वर्षांची प्रॅक्टिस घेऊन?

माझं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या प्रॅक्टिकलमध्ये चुकीच्या रीडिंगला मार्क कापले जातात, आणि खोट्या रीडिंगला मार्क मिळतात. यातून आपण एकच गोष्ट नीट शिकतो : यंत्र काय म्हणतंय त्यापेक्षा सरांना काय अपेक्षित आहे ते महत्त्वाचं.

यावर मैत्रिणी काय म्हणतात तेही सांगते, कारण त्यांचंही काही चूक नाही. "बॅचला वीस जण, किट चार, त्यातलं एक बंद. दोन तासांत रीडिंग घ्यायचं की संशोधन करायचं?" खरंय. दुसरी म्हणाली, "तुझं न जुळलेलं रीडिंग म्हणजे शोध नसतो गं, लूज कनेक्शन असतं." हेही खरंय, शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा. पण ते लूज कनेक्शन होतं हे तरी तिला कसं कळलं? तिने ते शोधलं का? नाही. तिने पुसलं. शोधलं असतं तर निदान लूज कनेक्शन शोधता येतं हे शिकली असती, आणि इंजिनिअरचं निम्मं आयुष्य तेच करण्यात जातं. आणि शंभरावी वेळ आली तर ती नव्व्याण्णवांपेक्षा वेगळी दिसणार नाही. ती तशीच वैतागवाणी, साडेचार वाजता, पार्टनर बॅग भरत असतानाच येणार.

यात फक्त मार्कांचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. मी डोंबिवली पूर्वेला राहते. २६ मे २०१६ ला एमआयडीसीत स्फोट झाला तेव्हा माझी पाचवीची सुट्टी चालू होती. आमच्या खिडक्या थरथरल्या आणि आजी देवघरातून धावत बाहेर आली. २३ मे २०२४ ला पुन्हा स्फोट, पुन्हा तोच आवाज, पुन्हा माणसं गेली. ते स्फोट कशामुळे झाले हे तपासणाऱ्यांचं काम, त्यावर मी बोलणार नाही. मी आपल्याबद्दल बोलते आहे. आपल्या वर्गातले कितीतरी जण दोन-तीन वर्षांत डोंबिवली, अंबरनाथ, तळोजा, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात गेजसमोर उभे असतील आणि दर तासाला लॉगशीट भरत असतील. त्या कागदावर एखाद्या रात्री न जुळणारा आकडा येईल. तेव्हा हात कुठे जाईल? फोनकडे, की मागच्या तासाचा आकडा पुन्हा लिहिण्याकडे? हात तिकडेच जातो जिकडे जायची त्याला सवय असते. माझ्या हाताला कोणती सवय आहे ते मला माहीत आहे, म्हणून मला भीती वाटते.

सेमिनार झाल्यावर मी पहिल्या वर्षाचं जर्नल माळ्यावरून काढलं. तो ग्राफ पेपर उजेडासमोर धरला तर पुसलेल्या तीन बिंदूंचे खळगे अजून दिसतात. त्यांचे आकडे मात्र गेले. मी फिजिक्स लॅबच्या काकांकडे गेले. त्यांना वाटलं केटी लागली! मी म्हटलं, "नाही हो काका, एकच प्रयोग परत करायचाय." त्यांनी एका शनिवारी दुपारी लॅब उघडून दिली आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसून राहिले.

वरचे तीन बिंदू पुन्हा वाकले. त्याच बाजूला. खरं सांगते, क्षणभर अंगावर काटा आला. मग काकाच म्हणाले, "ताई, हीटर बंद केल्या केल्या वाचू नका, थांबा जरा." मी दुसऱ्यांदा तापवलं, हीटर बंद करून थांबले, तापमान सावकाश उतरू दिलं. वरचे बिंदू मुकाट्याने रेषेजवळ आले. ओव्हनमध्ये डायोड एका भोकात आणि थर्मामीटर दुसऱ्या भोकात असतं. तापवताना आणि लगेच नंतर त्या दोघांचं तापमान एक नसतं. मी थर्मामीटरचं तापमान डायोडच्या नावावर लिहीत होते.

नोबेल नाही मिळणार, माहीत आहे. पण घरी येताना गाडीत लक्षात आलं की त्या पट्टीतली गंमत माझ्या ओव्हनपासून फार लांब नाही. तिथेही मायक्रोवेव्ह चालू असताना धातू आणि त्यातले इलेक्ट्रॉन एका तापमानाचे राहत नाहीत. खरं तर त्या इलेक्ट्रॉनना एकच एक तापमान लावताच येत नाही. 'मायक्रोवेव्ह म्हणजे गरम' हे आईचं आणि वर्गाचं उत्तर तिथेच फसतं. कोणाचं तापमान, हा प्रश्न दोन्हीकडे विचारायला हवा होता. माझ्याकडे तो दोन वर्षांपूर्वी तीन बिंदूंच्या रूपाने चालत आला होता. मी त्याला पुसून गाडी पकडली.

म्हणून कॉलेजला माझी मागणी आहे, आणि तिला एक रुपयाही खर्च नाही. जर्नलमध्ये रीडिंग पेनानेच घ्यायचं. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. प्रत्येक प्रयोगात रिझल्टच्या खाली एक मथळा ठेवायचा : 'काय जुळलं नाही'. दहापैकी दोन मार्क त्याला. तिथे 'वेळ संपला, कारण सापडलं नाही' असं लिहिलं तरी चालेल, पण आकडा खरा हवा. आणि व्हायवाला एक्सटर्नलनी फर्मी लेव्हलच्या आधी एवढंच विचारावं, "तुझा हा बिंदू रेषेवर का नाही?" ज्याचे सगळे बिंदू रेषेवर असतील त्याला तर हा प्रश्न दोनदा विचारावा!

तोपर्यंत कॉलेजच्या निर्णयाची वाट कशाला बघायची? मी माझ्यापुरतं सुरू केलंय. गेल्या आठवड्यात मायक्रोवेव्हच्या बेंचवर माझं एक रीडिंग शेजारच्या टेबलापेक्षा बरंच वेगळं आलं. तसंच पेनाने लिहिलं. सरांनी लाल गोल केला, प्रश्नचिन्ह काढलं आणि विचारलं, "हे काय?"

मी म्हटलं, "माहीत नाही सर. शनिवारी परत बघू का?"

सर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मीही येतो."